विश्लेषण : न पेटणारी वायर ते समुद्रतळाचा ठाव... रेजिनाल्ड फेसेंडेन कोण होते?

कोकण किनाऱ्यावरील अनेक यांत्रिक मासेमारी नौकांच्या केबिनमध्ये आता फिश फाइंडरचा छोटा पडदा दिसतो. खाली किती वाव पाणी आहे, हे तांडेलाला त्यावर क्षणात कळते. घरात नवे वायरिंग करताना इलेक्ट्रिशियन ‘एफआर’ छापलेली वायर मागवतो. ही अक्षरे ‘फ्लेम रिटार्डंट’ची, म्हणजे आग सहज पसरू न देणाऱ्या वेष्टणाची. या दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध नाही. मात्र समुद्रात समोरचा धोका कसा ओळखायचा आणि भिंतीतली वायर पेटू कशी द्यायची नाही, या दोन्ही प्रश्नांवर एकाच माणसाने काम केले होते. रेजिनाल्ड ऑब्री फेसेंडेन हे त्यांचे नाव. त्यांची ओळख आहे ती रेडिओमुळे, तीही मार्कोनींच्या मागच्या रांगेत. हिमनगाचा प्रतिध्वनी पकडणारे यंत्र मात्र त्यांनी रेडिओच्या धंद्यातून बाहेर फेकले गेल्यावर तयार केले.

वीज येत नाही, तरी एडिसनकडे नोकरी हवी...

फेसेंडेन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८६६ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांतात, ईस्ट बोल्टन येथे झाला. वडील अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू होते. पैसा बेताचा, मुलगा गणितात तल्लख. अवघ्या अठराव्या वर्षी, पदवी न घेताच ते बर्म्युडा बेटावर एका छोट्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. मुख्याध्यापक म्हणजे शाळेतले एकमेव शिक्षक. तिथेच हेलन ट्रॉट यांच्याशी त्यांचे लग्न ठरले. बेटावर विज्ञानात पुढे जाण्याची सोय नव्हती, म्हणून १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठले. लक्ष्य एकच होते, थॉमस एडिसन.

त्यांनी एडिसन यांना कळवले, की आपल्याला विजेतले काही कळत नाही, पण लवकर शिकू. उत्तर आले, की विजेतले काही न कळणारी माणसे आपल्याकडे आधीच पुरेशी आहेत. फेसेंडेन चिकटून राहिले. न्यूयॉर्कच्या रस्त्यांखाली विजेच्या वाहिन्या टाकण्याच्या कामावर त्यांना साहाय्यक तपासनीसाची नोकरी मिळाली आणि वर्षभरात ते एडिसन यांच्या न्यू जर्सीतील नव्या प्रयोगशाळेत पोहोचले.

भिंतीतली आग

त्या काळी घराघरांत वीज पोहोचवण्याची घाई होती, पण वायरवरचे आवरण विश्वासाचे नव्हते. तांब्याच्या तारेवर सुताची वीण, तिला मेण, डांबर किंवा रंगाचा लेप, असा प्रकार असे. विमा कंपन्यांच्या नावावरून ‘अंडररायटर्स वायर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका वायरला कामगारांनी ‘अंडरटेकर्स वायर’, म्हणजे अंत्यविधी करणाऱ्यांची वायर, असे नाव पाडले होते. रबर वीज उत्तम अडवते, पण तेही पेटते. तार तापली की आवरणच सरपण व्हायचे.

न पेटणारे आणि तरीही वाकणारे आवरण शोधण्याचे काम एडिसन यांनी फेसेंडेन यांच्याकडे दिले. आपण रसायनतज्ज्ञ नाही, असे त्यांनी सांगून पाहिले. पण रसायनतज्ज्ञांनी काही हाती लागू दिले नाही, म्हणूनच एडिसन यांना वेगळा माणूस हवा होता. मिळेल ते वापरून पाहण्याऐवजी फेसेंडेन मुळाशी गेले. रबर लवचीक का असते, तेलकट पदार्थ पेटतात का, याचा त्यांनी अभ्यास केला. पेटणाऱ्या पदार्थाच्या रेणूतील हायड्रोजनच्या काही अणूंच्या जागी क्लोरीन बसवला तर ज्वलनशीलता घटते, या दिशेने त्यांचे प्रयोग गेले.

आजच्या घरगुती वायरवर असते ते पीव्हीसी हा वेगळा पदार्थ आहे आणि तो वापरात आला खूप नंतर. पण ते सहज पेट घेत नाही, यामागे हेच रसायन आहे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा क्लोरीनचा असतो. याची दुसरी बाजूही आहे. असे वेष्टण जळलेच तर क्लोरीनमुळे आम्लयुक्त, घुसमटवणारा धूर होतो. म्हणून मेट्रो स्थानके, रुग्णालये अशा गर्दीच्या ठिकाणी हॅलोजनमुक्त, कमी धूर करणाऱ्या वायर वापरल्या जातात. शिवाय ‘एफआर’ वायर विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. त्यासाठी अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी लागतो. दुकानात ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते.

प्रयोगशाळेत फेसेंडेन प्रमुख रसायनतज्ज्ञाच्या पदापर्यंत पोहोचले, पण १८९० मध्ये एडिसन यांच्यावर आर्थिक संकट आले आणि त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी वेस्टिंगहाउसच्या दिव्यांवर काम केले. बल्बच्या काचेतून आत जाणाऱ्या तारेसाठी तेव्हा महागडे प्लॅटिनम लागे, कारण तापल्यावर ते काचेइतकेच प्रसरण पावते. त्याला स्वस्त मिश्रधातूचा पर्याय देण्यात त्यांचा वाटा होता. मग पर्ड्यू आणि पिट्सबर्ग येथे प्राध्यापकी झाली.

रेडिओने नाव दिले, कंपनीने हाकलले

मार्कोनी यांची बिनतारी यंत्रणा ठिणग्यांवर चालत असे. त्यातून टिंब आणि रेषा पाठवता येत, माणसाचा आवाज नाही. आवाजासाठी अखंड लहर हवी, हे फेसेंडेन यांनी हेरले. २३ डिसेंबर १९०० रोजी पोटोमॅक नदीतील कॉब बेटावर, अमेरिकी हवामान खात्यासाठी काम करताना, त्यांनी आपल्या सहायकाला बिनतारी यंत्रावरून बर्फ पडतोय का, असे विचारले. अंतर सुमारे १.६ किलोमीटर होते. खरखर भयंकर होती, पण शब्द कळले. मानवी आवाज रेडिओवरून गेल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

हवामान खात्याशी त्यांचे बिनसले. खात्याच्या प्रमुखांना आपल्या पेटंटमध्ये निम्मा वाटा हवा आहे, असा आरोप करत ते १९०२ मध्ये बाहेर पडले. पिट्सबर्गच्या दोन धनिकांच्या पैशावर नॅशनल इलेक्ट्रिक सिग्नलिंग कंपनी उभी राहिली. जानेवारी १९०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रँट रॉक आणि स्कॉटलंडमधील मॅक्रिहॅनिश यांच्यात त्यांनी अटलांटिकपार दुतर्फा तारसंदेश पाठवून दाखवले. डिसेंबरमध्ये स्कॉटलंडचा मनोरा वादळात कोसळला. त्याच महिन्यात ब्रँट रॉक येथून आवाजाच्या प्रक्षेपणाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. नाताळच्या पूर्वसंध्येला त्यांनी जहाजांसाठी संगीत प्रक्षेपित केले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण तिचा मुख्य आधार फेसेंडेन यांचेच बऱ्याच वर्षांनंतरचे पत्र आहे. जहाजांच्या नोंदींतून दुजोरा मिळालेला नाही.

गुंतवणूकदारांना नफा हवा होता, फेसेंडेन यांना ताबा. स्वभाव तापट, तडजोडीचे नाव नाही. जानेवारी १९११ मध्ये कंपनीने त्यांना काढले. ते न्यायालयात गेले, जिंकलेही. पण कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि पेटंट एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. ज्या शोधांवर रेडिओ उद्योग उभा राहत होता, त्यांचा जनक वकिलांच्या कार्यालयांत खेटे घालत होता.

पाण्याखाली घंटा, मग ‘ऑसिलेटर’

याच काळात, १९१२ मध्ये, बोस्टनच्या सबमरीन सिग्नल कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. ही कंपनी समुद्रात नांगरलेल्या दीपनौकांखाली घंटा बसवत असे. धुक्यात दिवा दिसत नाही, पण पाण्यातून घंटेचा आवाज लांब जातो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर असतो. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, म्हणून पाण्याखाली आवाजाशिवाय फारसा मार्ग नाही. जहाजाच्या दोन्ही बाजूंना आतून मायक्रोफोन बसवलेले असत. खलाशी एकेक कानाला लावून घंटा कुठल्या अंगाला आहे, याचा अंदाज घेत.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. समोरचा हिमनग वेळीच कळावा, यासाठी अनेकांनी डोके लढवले. इंग्लंडमध्ये लुईस रिचर्डसन यांनी काही आठवड्यांतच प्रतिध्वनीच्या पद्धतीसाठी पेटंटचे अर्ज केले, जर्मनीत अलेक्झांडर बेम कामाला लागले. कल्पना कोणाला आधी सुचली, यापेक्षा पाण्यात पुरेसा जोरदार, हवा तेव्हा सुरू-बंद होणारा आवाज काढायचा कसा, हा खरा प्रश्न होता. घंटा फक्त आपण इथे आहोत एवढेच सांगते.

फेसेंडेन यांचे यंत्र आजच्या लाऊडस्पीकरचे दणकट भावंड म्हणता येईल. शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या फटीत तांब्याची नळी. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला, की ती नळी पुढे-मागे थरथरते आणि तिला जोडलेला जाड पोलादी पडदा पाण्याला धक्के देतो. वारंवारता सेकंदाला सुमारे ५०० कंपनांची. मोर्सच्या बटणाने आवाज तोडता-जोडता येतो, म्हणजे पाण्याखालून तारसंदेशही जातो. शिवाय तेच यंत्र उलटेही चालते. बाहेरून आवाज आला, की पडदा हलतो आणि वीज निर्माण होते. बोलणारा आणि ऐकणारा एकच.

२७ एप्रिल १९१४ : उत्तर हिमनगाकडून आले

चाचणीसाठी अमेरिकेचे ‘मियामी’ हे गस्ती जहाज न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स भागात गेले. टायटॅनिकनंतर सुरू झालेल्या हिमनग गस्तीवर ते होते. समोर सुमारे ४५० फूट लांब आणि १३० फूट उंच हिमनग होता. ऑसिलेटरने आवाज सोडला आणि काही सेकंदांनी हिमनगावर आपटून तो परत आला. जहाज मागे-पुढे नेऊन अंतर बदलले, तसा प्रतिध्वनीचा वेळही बदलला. सुमारे ३.२ किलोमीटरवरूनही तो ओळखता आला. गणित साधे आहे : जाऊन-येऊन ६.४ किलोमीटर, वेग १५०० मीटर, म्हणजे सव्वाचार सेकंदांच्या आसपास. हा आवाज यंत्रावरच नव्हे, तर जलरेषेखालच्या खोल्यांत बसलेल्या अधिकाऱ्यांना नुसत्या कानांनीही ऐकू आला. तळाकडूनही वेगळा प्रतिध्वनी आला. हिमनग शोधायला गेलेल्या माणसाला खोली मोजण्याचे साधन त्याच दिवशी मिळाले.

मग यंत्र लगेच सगळ्या जहाजांवर का बसले नाही? त्यात मोठी उणीव होती. ५०० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी पाण्यात तीन मीटर भरते आणि यंत्राचा पडदा त्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान होता. अशा पडद्यातून आवाज टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेने न जाता चहूकडे पसरतो. हिमनग आहे आणि तो किती दूर आहे एवढे कळे, पण डावीकडे की उजवीकडे, हे कळत नसे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी दिशा आवश्यकच होती. तो प्रश्न फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकाच्या साह्याने, माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेचे ध्वनी वापरून सोडवला. आजच्या फिश फाइंडरमध्येही बहुतेकदा ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा आवाज असतो. ५० किलोहर्ट्झची तरंगलांबी तीन सेंटिमीटर, म्हणजे फेसेंडेन यांच्या लहरीच्या शंभराव्या हिश्शाची.

तरी ऑसिलेटर वाया गेला नाही. माँट्रियलमध्ये बांधलेल्या ब्रिटनच्या दहा एच-श्रेणी पाणबुड्यांवर १९१५ मध्ये तो संदेशवहनासाठी बसवण्यात आला. युद्ध सुरू होताच फेसेंडेन स्वतः लंडनला गेले आणि शत्रूच्या तोफा व पाणबुड्या शोधण्याच्या पद्धतींवर काम करत राहिले.

वाव मोजणारा लाल दिवा

शेवटी उपयोगी ठरली ती तळाची दिशा. तळ कायम खालीच असतो, त्याची दिशा शोधावी लागत नाही. तोवर खोली मोजायची तर दोरीला शिसे बांधून सोडावे लागे आणि हाताच्या वावांनी दोरी मोजावी लागे. भर समुद्रात एका मोजणीला तास लागत, जहाजही थांबवावे लागे. प्रतिध्वनीने हे काम सेकंदांवर आणले. पण १०० मीटर खोलीवरून आवाज सव्वा दशांश सेकंदात परततो, तो घड्याळ लावून कसा मोजणार? सबमरीन सिग्नल कंपनीच्या ‘फॅदोमीटर’मध्ये तबकडीमागे निऑनचा दिवा ठरावीक वेगाने फिरे. प्रतिध्वनी येताच तो लाल चमके आणि ज्या आकड्याशी चमकला तितके वाव पाणी. एक फॅदम म्हणजे सहा फूट, आपल्या दर्यावर्दींचा पसरलेल्या दोन हातांचा वावही साधारण तेवढाच.

१९२० च्या दशकात अशी यंत्रे जहाजांवर सर्रास येऊ लागली. जर्मनीच्या ‘मिटिओर’ जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात प्रतिध्वनीनेच दक्षिण अटलांटिकच्या तळाच्या ६७ हजारांहून अधिक नोंदी घेतल्या आणि सपाट समजला जाणारा तळ डोंगरदऱ्यांचा निघाला. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्रतळाचे नकाशे करताना वापरते ती बहुकिरण यंत्रे याच तत्त्वाची पुढची पिढी आहे.

पदक सोन्याचे आहे का?

मान मिळू लागले, पण फेसेंडेन यांचा संशय गेला नाही. १९२१ मध्ये रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने पदक दिले. ते अस्सल सोन्याचे नाही असे वाटून त्यांनी ते परत केले. आधीच्या मानकऱ्यांनाही मुलामा दिलेलेच पदक मिळाले होते, अशी खात्री पटवल्यावर त्यांनी ते पुन्हा स्वीकारले. रेडिओच्या पेटंटवरचे खटले १९२८ मध्ये तडजोडीने मिटले आणि मोठी रक्कम हाती आली, तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. ‘फॅदोमीटर’साठी १९२९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ नियतकालिकाने त्यांना सुवर्णपदक दिले.

तोवर ते हेलन यांच्यासह बर्म्युडाला परतले होते. जिथे एकटे शाळा चालवली, त्याच बेटावर २२ जुलै १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र हेलन यांनीच लिहिले, ते १९४० मध्ये आले. पाण्यातील प्रतिध्वनीच्या या तंत्राला ‘सोनार’ हे नाव मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात, फेसेंडेन गेल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.