सेल्युलोजचे शोधक आन्सेल्म पायेन

ब्राह्मणपुरीच्या पंचक्रोशीत कापूस वेचलेला नाही, असा आमचा माजी विद्यार्थी विरळाच. त्या कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांब पेशी होय. बोंड उकलून ती वाळली की मागे उरते ती जवळजवळ केवळ पेशीभित्तिका, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. या द्रव्याची ओळख जगाला ज्यांनी करून दिली, त्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

आन्सेल्म पायेन यांचा जन्म १७९५ साली पॅरिस येथे झाला. वडील रासायनिक कारखान्यांचे मालक. विज्ञानाचे पहिले धडे त्यांनीच मुलाला दिले. पुढे वोक्लँ आणि शव्रल या नामांकित रसायनशास्त्रज्ञांकडे पायेन शिकले. वयाच्या तेविसाव्या वर्षी ते टाकणखाराच्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले. टाकणखार तेव्हा डच व्यापाऱ्यांच्या मुठीत होता. पायेन यांनी तो सोडा व बोरिक आम्लापासून तयार केला आणि प्रचलित भावाच्या एक तृतीयांश किमतीत विकून ती मक्तेदारी मोडली. बीटच्या साखरेचा रंग कोळशाने काढण्याची रीतही त्यांनी सुधारली. १८३३ मध्ये पेर्सोझ यांच्यासह त्यांनी अंकुरित जवातून डायस्टेज हे विकर वेगळे केले. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण १८३८ च्या संशोधनात आहे. लाकूड हा एकच पदार्थ आहे, असा तोवर समज होता. पायेन यांनी ओक व बीच यांची लाकडे घेतली, त्यांवर नायट्रिक आम्लाची आणि मग अल्कलीची क्रिया केली. पेशींना कठीण करणारे द्रव्य विरघळून गेले. पांढरा, तंतुमय भाग तेवढा शिल्लक राहिला. कापूस आणि मुळांची कोवळी टोके तपासली, तरी घटकांचे प्रमाण तेच. वृक्ष असो वा रोप, पेशीभोवतीची भिंत मूलतः एकाच द्रव्याने उभी राहते, हे त्यांनी दाखवले. त्याला सेल्युलोज हे नाव १८३९ मध्ये मिळाले.

ही भिंत नसती तर ज्वारीचे ताट उभेच राहिले नसते. पेशीत शिरलेले पाणी आतून दाब देते. सेल्युलोजचे धागे पेशीला वेढून तो दाब पेलतात. त्या ताणावरच हाडे नसलेले कोवळे रोप ताठ उभे असते. पाणी तुटले की पाने माना टाकतात, ती हा दाब उतरल्यामुळेच.

एक कोडे मात्र पायेन यांच्या हयातीत सुटले नाही. सेल्युलोज आणि स्टार्च यांची घटना त्यांना सारखीच आढळली होती; मग भाकरी पचते आणि कडबा का पचत नाही? दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, पण त्यांचे दुवे जोडण्याची तऱ्हा निराळी, हे विसाव्या शतकात उलगडले. माणसाच्या विकरांना सेल्युलोजचे दुवे तोडता येत नाहीत. गाईबैलांच्या पोटातील सूक्ष्मजीव ते तोडतात. पायेन १८७१ मध्ये पॅरिस येथेच निवर्तले. अमेरिकन केमिकल सोसायटीचा सेल्युलोज-संशोधनाचा पुरस्कार आज त्यांच्याच नावाने दिला जातो.