घटक ५ : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर – मजुरी, मेहरबानी आणि कायदा

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• डॉ. आंबेडकरांच्या जीवनातील कामगारविषयक कार्याचा क्रम सांगता येईल.
• महार वतनातील मोबदल्याची पद्धत व तिच्यावरील त्यांचा आक्षेप स्पष्ट करता येईल.
• उपाहारगृहातील कामगाराच्या उदाहरणाने किमान वेतन आणि बक्षिसी यांतील भेद मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुंबईहून नाशिककडे जाताना शहापूर मागे पडले की आटगावच्या परिसरात महामार्गालगत ढाबे आणि उपाहारगृहे लागतात. तेथे टेबल पुसणारा, पाणी देणारा, भटारखान्यात भांडी घासणारा कामगार तुम्ही पाहिला असेल. तुमच्यापैकी काहीजण दिवसा असे काम करून रात्री या पुस्तिकेचा अभ्यास करीत असतील. गिऱ्हाईक उठताना बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवून जाते. हे पैसे कोणाचे? टिप मिळते म्हणून मालकाने पगार कमी द्यावा काय?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्याच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे. काम एकाने करून घ्यावे आणि त्याचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर सोडावा, हे न्याय्य आहे काय? हा मूळ प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी मांडला होता. महाडचा सत्याग्रह, पुणे करार आणि संविधान यांमुळे त्यांचे चरित्र तुमच्या परिचयाचे आहे. या घटकात आपण त्या चरित्रातील मजुरीच्या हक्काचा धागा तेवढा पाहणार आहोत.

५.३ जडणघडण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सैन्यातील नोकरीमुळे या कुटुंबाला ठरलेल्या पगाराची आणि निवृत्तिवेतनाची ओळख झाली होती. गावकीच्या कामात अडकलेल्या त्यांच्या जातबांधवांना मात्र ती नव्हती. साताऱ्यात शिकत असताना घर सोडून मुंबईला जावे आणि गिरणीत काम धरावे असा बेत लहानग्या भीमाने केला होता. तो तडीस गेला नाही. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या कामगार वस्तीत राहू लागले. परदेशी पदव्या मिळवल्यानंतरही अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य परळच्या चाळीतच होते. गिरणी कामगाराचा संसार त्यांनी शेजारी म्हणून पाहिला होता.

१९१३ ते १९१६ या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. पुढील शिक्षण लंडनला झाले. १९२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ चलनाविषयी आहे. पण त्यातील एक विचार आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. चलनाची किंमत घसरली की वस्तूंचे भाव आधी वाढतात, मजुरी मागाहून वाढते. या मधल्या काळात व्यापाऱ्याला लाभ होतो आणि मजुराच्या ताटातील घास कमी होतो. मजुरीचा आकडा तोच राहिला तरी मजुरी कमी होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. किमान वेतनाचे दर वेळोवेळी का बदलावे लागतात, याचे कारण येथेच सापडते.

५.४ महार वतन : मोबदला कोणी द्यायचा?

१९२७ साली आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली आणि १९२८ साली वंशपरंपरागत हुद्द्यांसंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले.

वतनदार महार हा सरकारचा गावपातळीवरील नोकर होता. सरकारी कागद पोचवणे, वसुलीच्या वेळी रयतेला बोलावणे, आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई करणे, ही कामे त्याच्याकडे असत. कामाला ठरावीक वेळ नव्हती. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाने जावे लागे. मोबदला तीन वाटांनी येई : थोडी इनाम जमीन, सरकारकडून तुटपुंजी रोख रक्कम आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. यांत मुख्य भिस्त बलुत्यावर होती. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्य मागावे लागे. गाव रागावले, पीक बुडाले किंवा महारांनी एखादा अपमान सहन करण्याचे नाकारले, तर बलुते बंद होई.

आंबेडकरांनी यातील दोष नेमका दाखवला. काम सरकारचे होते. पण पगाराचा बोजा सरकारने गावावर टाकला होता. त्यामुळे नोकराचा हक्क याचकाच्या पदराइतका दुबळा झाला. ज्याच्या दारात पोटासाठी हात पसरावा लागतो, त्याच्यासमोर ताठ उभे राहता येत नाही. म्हणून बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, ती सरकारने वसूल करून सरकारनेच द्यावी आणि कामे निश्चित असावीत, असा विधेयकाचा आशय होता. ज्यांना वतनाची चाकरी सोडायची असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, अशीही सोय होती. विधेयकाला सरकारकडून आणि सभासदांकडून विरोध झाला व अखेर ते मागे घ्यावे लागले. या वतनांचे उच्चाटन करणारा कायदा झाला तो १९५८ साली, आंबेडकरांच्या निधनानंतर.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
वतनदार महाराचा मालक कोण होता आणि त्याचा मोबदला मुख्यतः कोण देई? यातून कोणता अन्याय निर्माण झाला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

५.५ मोर्चा, संप आणि ठाणे जिल्हा

१९३६ साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. जात हा प्रश्न आणि मजुरी हा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, ही या पक्षामागील भूमिका होती. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात ते अग्रभागी होते.

या पक्षातील एक कार्यकर्ते शामराव परुळेकर पुढे किसान सभेच्या कामात गेले. आटगाव ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावरील टिटवाळ्याला १९४५ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. या लढ्याचा मार्ग आणि विचारसरणी वेगळी होती. परंतु श्रमाला ठरलेला दाम हवा, ही मागणी समान होती.

५.६ मजूरमंत्री आणि किमान वेतनाचा कायदा

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी एकत्र बसून प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीला त्यांच्या कारकिर्दीत बळ आले. कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी सुधारणा १९४६ साली झाली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. काही महिन्यांतच त्यांनी ते पद सोडले. कायदा संमत झाला १९४८ साली. तेव्हा जगजीवन राम मजूरमंत्री होते आणि आंबेडकर कायदामंत्री.

या कायद्याची रचना समजून घ्या. जेथे कामगार विखुरलेला आहे, संघटना नाही आणि मालकाशी घासाघीस करण्याची ताकद नाही, अशा रोजगारांची एक अनुसूची करण्यात आली. भात गिरण्या, विडी, दगडफोड, शेती ही तिची उदाहरणे. उपाहारगृहे मूळ यादीत नव्हती. परंतु यादी वाढवण्याचा अधिकार राज्यांना होता आणि महाराष्ट्रात हॉटेल व उपाहारगृहांतील रोजगार तीत आला. दर राज्याने ठरवायचे आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा फेरविचार करायचा. महाराष्ट्रात हे दर परिमंडळांनुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीने ठरतात; महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला विशेष भत्ता त्यांत मिळवला जातो. सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, कमी पगारावर राजी असल्याचे कामगाराने लिहून दिले तरी तो करार रद्दबातल ठरतो. गरजवंताची संमती ही खरी संमती नसते, हे कायद्याने मान्य केले. हा कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेण्यात आला.

संविधानातही हा धागा दिसतो. अनुच्छेद १५ नुसार उपाहारगृहात प्रवेश नाकारता येत नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. अनुच्छेद ४३ निर्वाह वेतनाचे ध्येय सांगतो. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हीदेखील वेठबिगारीच होय, असा निर्णय दिला.

५.७ बक्षिसी म्हणजे वेतन नव्हे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आंबेडकर ज्या देशात शिकले त्या अमेरिकेत १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. १९६६ च्या दुरुस्तीने उपाहारगृहांतील कामगार त्याच्या कक्षेत आले. पण त्याबरोबरच गिऱ्हाइकाने दिलेल्या बक्षिसीचा काही भाग वेतनात धरण्याची मुभा मालकांना मिळाली. तेथील संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. मात्र बक्षिसी मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायची किमान रक्कम १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. बक्षिसी अपुरी पडल्यास फरक मालकाने भरावा, असा नियम आहे. पण हिशेब मागण्याचे काम दुबळ्या बाजूकडे येते. कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी ही वजावट नाकारली असून तेथे पूर्ण वेतन आधी आणि बक्षिसी वेगळी, अशी रीत आहे.

भारतीय कायद्यात अशा वजावटीची तरतूद नाही. वेतन म्हणजे नोकरीच्या करारानुसार मालकाकडून देय असलेली रक्कम. गिऱ्हाइकाची खुशी तीत येत नाही. २०१६ साली आयकराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, हॉटेलने गिऱ्हाइकाकडून घेऊन कामगारांत वाटलेली बक्षिसी हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असे ठरवले. जेवण आणि राहण्याची जागा दिली म्हणून मालकाने स्वतःच्या मनाने आकडा कापणेही कायद्याला धरून नाही. १९४८ च्या कायद्याचा सामान्य नियम रोख वेतनाचा होता. वस्तुरूप वेतनाची चाल असेल तेथे शासनाची अनुमती लागे.

बलुते आणि बक्षिसी एकच नव्हेत, हे ध्यानात ठेवा. बलुत्यामागे जातीची सक्ती होती; बक्षिसी गिऱ्हाईक आनंदाने देते आणि कामगार ती मानाने घेऊ शकतो. पण मालक ती पगारात धरू लागला की दोहोंतील साम्य उघड होते. काम एकाचे, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर. मग गिऱ्हाइकाच्या उर्मट शब्दापुढेही मान खाली घालावी लागते, कारण त्या शब्दामागे पोटाचा प्रश्न असतो.

आंबेडकरांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले. कायदा पुस्तकात आहे. तो आटगावच्या महामार्गावर पोचतो तो कामगाराला आपल्या परिमंडळाचा दर ठाऊक असेल तेव्हाच.

५.८ सारांश

डॉ. आंबेडकरांनी मजुरीचा प्रश्न प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून मांडला. १९२८ च्या वतन विधेयकापासून १९४६ च्या किमान वेतन विधेयकापर्यंत त्यांची भूमिका एकच राहिली : काम करून घेणाऱ्यावर मोबदल्याचे ऋण असते आणि तिसऱ्याच्या दानाने ते फिटत नाही.

५.९ सरावासाठी प्रश्न

१. १९२८ च्या विधेयकाचे स्वरूप सांगून ते का महत्त्वाचे ठरते, ते लिहा.
२. कमी वेतनाला कामगाराने दिलेली संमती कायदा का मानत नाही? चर्चा करा.
३. उपक्रम : तुमच्या परिसरातील उपाहारगृहांना लागू असलेला किमान वेतनाचा चालू दर शासनाच्या अधिसूचनेवरून शोधा. बक्षिसी वगळून एका अकुशल कामगाराच्या महिन्याच्या वेतनाचा हिशेब मांडा.