मीठ, साखर आणि स्वांटे अर्‍हेनियस

स्वयंपाकघरांत मीठ व साखर यांचे डबे एकमेकांशेजारीं असतात. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यांत दिसेनासे होणारे. चव घेतल्यावांचून त्यांतील भेद सांगतां येणार नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु रसायनशास्त्रज्ञाला जिभेवांचूनहि तो ओळखतां येतो. त्या भेदाचें मर्म ज्यांनीं जगास प्रथम पटवून दिलें, त्यांच्या चरित्राची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

स्वांटे अर्‍हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजीं स्वीडन देशांत, उप्साला शहरानजीक झाला. त्यांचे वडील जमिनीच्या मोजणीचें काम करीत व उप्साला विद्यापीठाच्या नोकरींत होते. तीन वर्षांचे असतांनाच स्वांटे आपण होऊन वाचावयास शिकले, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहतां पाहतां त्यांस आंकडेमोडीची गोडी लागली. १८७६ सालीं ते विद्यापीठांत दाखल झाले. परंतु तेथील शिक्षणानें त्यांचें समाधान होईना, म्हणून १८८१ मध्यें ते स्टॉकहोम येथें एडलंड यांच्या हाताखालीं काम करूं लागले.

त्यांच्यापुढें कोडें होतें तें असें. कोरडें मीठ विजेला वाट देत नाहीं. शुद्ध पाणीहि जवळजवळ देत नाहीं. परंतु मीठ पाण्यांत विरघळविलें कीं त्यांतून वीज सहज वाहते. साखरेचें पाणी मात्र कितीहि गोड केलें तरी विजेला दाद देत नाहीं. द्रावणांतून वीज वाहून नेणाऱ्या कणांस फॅरडे यांनीं १८३४ सालीं आयन हें नांव दिलें होतें. पण हे कण विजेच्या जोरानेंच फुटून निघतात, अशी सर्वत्र समजूत होती.

अर्‍हेनियस यांनीं आपले प्रयोग व विचार १८८४ सालीं प्रबंधरूपानें उप्साला विद्यापीठापुढें मांडले. परीक्षकांस ते रुचले नाहींत. पदवी मिळाली खरी, परंतु श्रेणी इतकी खालची कीं तिच्या बळावर विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळण्याची आशा उरली नाहीं. तरुण अर्‍हेनियस खचले नाहींत. त्यांनीं प्रबंधाच्या प्रती परदेशांतील विद्वानांकडे पाठविल्या. त्यांपैकीं रीगा येथील ओस्टवाल्ड त्याच वर्षीं स्वतः उप्सालास आले आणि त्यांनीं या तरुणास आपल्याकडे जागा देऊं केली! वडील आजारी असल्यामुळें अर्‍हेनियस यांनीं स्वदेश सोडला नाहीं. पण या भेटीनंतर त्यांच्या विद्यापीठानेंच त्यांस अध्यापक नेमिलें.

पुढें शिष्यवृत्ति मिळवून त्यांनीं रीगा, वुर्त्सबुर्ग, ग्रात्स व ॲम्स्टरडॅम येथें संशोधन केलें, आणि १८८७ सालीं आपला सिद्धान्त स्पष्टपणें मांडला. मीठ पाण्यांत पडतांच, विजेची वाट न पाहतां, त्याचे सोडियमचे धनभारित व क्लोरीनचे ऋणभारित आयन सुटे होतात. साखरेचे रेणु मात्र अखंड राहतात. आक्षेपकांनीं विचारिलें, पाण्यांत क्लोरीन आहे तर त्याचा विषारी वास कां येत नाहीं? उत्तर असें कीं, विद्युद्भार असलेला आयन व भाररहित अणु यांचे गुणधर्म अगदीं निराळे असतात. दुसरा पुरावा गोठण्याचा. पाण्यांत पदार्थ विरघळविला कीं तें अधिक थंडींत गोठतें, आणि हा फरक कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. रेणुसंख्या समान धरली तर पातळ द्रावणांत मिठाचा परिणाम साखरेच्या जवळजवळ दुप्पट होतो, कारण मिठाच्या एकाचे दोन कण झालेले असतात.

या सिद्धान्तासाठीं अर्‍हेनियस यांस १९०३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणारे ते पहिले स्वीडिश गृहस्थ होत. हवेंतील कार्बन डायऑक्साईड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणितहि त्यांनीं १८९६ मध्यें केलें होतें. २ ऑक्टोबर १९२७ रोजीं स्टॉकहोम येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या विचारांतहि पुढें दुरुस्ती झाली. मीठ पाण्यांत पडल्यावर फुटतें, असें ते मानीत; परंतु ब्रॅग पितापुत्रांनीं १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांनीं दाखविलें कीं, मिठाच्या कोरड्या खड्यांतहि सुटे रेणु नसून आयनच ओळीनें मांडलेले असतात. ते जागीं जखडलेले असल्यामुळें वीज वाहत नाहीं, व त्यांची पकड घट्ट असल्यामुळें मीठ वितळण्यास ८०१ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. म्हणून वितळलेला पदार्थ वीज वाहून नेतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. केवळ द्रावणावर विसंबूं नये. कारण हायड्रोजन क्लोराईड वायु रेणूंचाच असून पाण्यांत मात्र आयन देतो.

विद्यार्थीमित्रहो, परीक्षेंतील गुण मोलाचे खरेच. ते मिळविण्यास कसूर करूं नका. पण प्रामाणिकपणें केलेल्या कामास कमी गुण पडले, तर तेवढ्यानें तें काम टाकून देऊं नका. आणि पालकांसहि आमची विनंति आहे कीं, प्रगतिपुस्तकावरील आंकडा वाचतांना मुलाच्या वहींतील प्रयोगहि एकदां वाचावा.