ग्रेच्चोची गव्हाणी

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती वस्त्यांमधून नाताळची लगबग सुरू होते. घरांची रंगरंगोटी, नव्या कपड्यांची खरेदी, केक आणि नेवऱ्या, चांदण्या आणि दिव्यांच्या माळा, पाहुण्यांची सरबराई यांत महिना कधी सरला ते कळतही नाही. या धावपळीत ज्याच्या जन्माचा हा सण, त्या बाळ येशूची आठवणच मागे पडते, अशी खंत दरवर्षी व्यक्त होते. घरोघरी आणि चर्चच्या आवारात मांडल्या जाणाऱ्या गव्हाणीचा देखावा मात्र या खंतीला मूकपणे उत्तर देत उभा असतो. या देखाव्याला लोकांच्या मनात कायमचे स्थान मिळवून देणारे असिसीचे संत फ्रान्सिस यांचे चरित्र म्हणूनच नाताळच्या तोंडावर आठवण्याजोगे आहे.

मध्य इटलीतील असिसी या नगरात ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो दी बर्नार्दोने हे कापडाचे धनाढ्य व्यापारी होते. घरात कशाचीच उणीव नव्हती. उंची वस्त्रे, मित्रांच्या मैफली आणि मेजवान्या यांत फ्रान्सिस यांचे तारुण्य चालले होते. सरदार होण्याचे स्वप्नही त्यांनी उराशी बाळगले होते. मात्र १२०२ साली शेजारच्या पेरुजिया नगराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर त्यांना कैदेत राहावे लागले. सुटकेनंतर दीर्घ आजारपण आले. त्यातून उठलेल्या या तरुणाला पूर्वीच्या सुखांची गोडी उरली नाही. ज्या कुष्ठरोग्यांची त्यांना किळस वाटे, त्यांच्याच सेवेत ते रमू लागले. पडझड झालेल्या सान दामियानो चर्चच्या डागडुजीसाठी त्यांनी वडिलांच्या दुकानातील कापड विकले. वडिलांनी हे प्रकरण बिशपांपुढे नेले, तेव्हा फ्रान्सिस यांनी अंगावरील वस्त्रेसुद्धा उतरवून वडिलांच्या स्वाधीन केली आणि वारसाहक्कावर पाणी सोडले. ही घटना साधारणपणे १२०६ सालची.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य भिक्षेकऱ्याचे होते. जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि मुखात शुभवर्तमान. हळूहळू अनुयायी जमू लागले. १२०९ साली मोजक्या सोबत्यांसह ते रोमला गेले आणि तिसरे इनोसंट या पोपमहाशयांनी त्यांच्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली. पुढच्या दशकभरात हा संघ झपाट्याने वाढला. मूठभर धर्मबंधूंचे हजारो झाले. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना फ्रान्सिस इजिप्तमधील दमिएत्ता येथे गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटले. शस्त्राविना केलेली ही भेट आजही आदराने स्मरली जाते.

परंतु याच यशाने त्यांच्यापुढे पेच उभा केला. संघ मोठा झाला, तसे घरांचे, पुस्तकांचे, विद्वत्तेचे आणि मानमरातबाचे प्रश्न पुढे आले. काहीही मालकीचे ठेवायचे नाही, हा फ्रान्सिस यांचा मूळ आग्रह अनेकांना अव्यवहार्य वाटू लागला. बोलोन्या येथे धर्मबंधूंचे स्वतःचे घर असल्याचे कानी येताच त्यांनी सर्वांना, अगदी आजाऱ्यांनाही, तेथून बाहेर पडण्यास सांगितले. ते घर आपल्या मालकीचे असल्याचे कार्डिनल उगोलिनो यांनी जाहीर केल्यावरच बंधूंना परत जाता आले. १२२० साली फ्रान्सिस यांनी संघाचे नेतृत्व सोडले. त्यातच डोळ्यांच्या विकाराने त्यांना घेरले होते. संघाच्या नियमावलीवर वाद, पुनर्लेखन आणि तडजोडी होत अखेर २९ नोव्हेंबर १२२३ रोजी तिसरे ओनोरियस या पोपमहाशयांनी तिला अंतिम मंजुरी दिली. संघाची चौकट पक्की झाली होती. त्या चौकटीत बेथलेहेमची ती गरिबी शिल्लक राहील का, हा प्रश्न उरलाच होता.

अशा मनःस्थितीत फ्रान्सिस रिएती खोऱ्यातील ग्रेच्चो या डोंगरकुशीतील गावी आले. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी तेथील जोव्हान्नी या भाविक सरदाराला बोलावून घेतले आणि एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव यांची तयारी करण्यास सांगितले. जन्मतः त्या बालकाला किती गैरसोय सोसावी लागली, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. अंधूक होत चाललेल्या दृष्टीच्या माणसाने ही इच्छा धरावी, यातच तिची उत्कटता दिसते.

नाताळच्या रात्री आसपासचे गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले. फ्रान्सिस यांचे आद्य चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी या रात्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात मारिया किंवा योसेफ यांची भूमिका करणारे कोणी नाही, मूर्ती नाहीत, सजावट नाही. गव्हाणीवरच मिस्सा अर्पण करण्यात आला. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, ते डीकन होते. त्यांनी शुभवर्तमान गाऊन वाचले आणि लोकांना त्या गरीब राजाच्या जन्माविषयी उपदेश केला. उपस्थितांपैकी एकाला गव्हाणीत निश्चेष्ट पडलेले बालक दिसले आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते जागे झाल्याचा भास झाला. चेलानो यांनी लावलेला अर्थ असा, की अनेकांच्या अंतःकरणात विसरला गेलेला ख्रिस्त या सेवकाने पुन्हा जागा केला. ख्रिस्तजन्माचे नाट्यरूप दाखवण्याची प्रथा चर्चमध्ये त्यापूर्वीही होती. फ्रान्सिस यांनी ती डोंगरातल्या गुराख्यांपर्यंत आणि शेतकऱ्यांपर्यंत नेली, हे त्यांचे वेगळेपण.

फ्रान्सिस यांना सणाचे वावडे होते, असे मात्र नाही. नाताळ हा त्यांना सर्व सणांत श्रेष्ठ वाटे. एकदा नाताळ शुक्रवारी, म्हणजे मांस वर्ज्य असलेल्या दिवशी आला. त्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे, आणि ते जमत नसेल तर त्यांना निदान बाहेरून तरी ते माखावे, अशी त्यांची भावना होती. श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा अधिक चारा मिळावा, पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम सम्राटांनी काढावा, असे त्यांना वाटे. त्यांच्या लेखी आनंद वाटून घ्यायचा होता, आणि त्यात सर्वांत आधी वाटा उपाशी असलेल्यांचा होता.

ग्रेच्चो येथीलच आणखी एक प्रसंग बोलका आहे. एका जुन्या वृत्तांतानुसार तो नाताळचा, तर चेलानो यांच्या मते ईस्टरचा. सणानिमित्त बंधूंनी शुभ्र चादरी आणि काचेची भांडी मांडून मेज थाटात सजवले होते. फ्रान्सिस यांनी ते पाहिले आणि एका गरीब वाटसरूची टोपी व काठी घेऊन ते दाराशी भिक्षा मागू लागले. आत घेतल्यावर ताटली घेऊन ते जमिनीवर बसले. कोणाला बोल लावण्याची गरजच पडली नाही. बंधूंना आपली चूक उमगली.

पुढील तीन वर्षे वेदनांची होती. १२२४ साली ला व्हेर्ना पर्वतावर त्यांच्या देहावर ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा उमटल्याचे चरित्रकार सांगतात. ३ ऑक्टोबर १२२६ च्या सायंकाळी असिसीनजीक पोर्झिउंकोला येथे, उघड्या जमिनीचा आग्रह धरणाऱ्या या संताचे निधन झाले. दोनच वर्षांत, १६ जुलै १२२८ रोजी, त्यांना संतपद बहाल झाले.

त्यांच्या अनुयायांमुळे गव्हाणीची प्रथा देशोदेशी पोहोचली. फ्रान्सिस्कन धर्मगुरू सोळाव्या शतकात गोव्यात आणि वसईतही आले. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस यांच्या नावाचे चर्च आणि वसई किल्ल्यातील त्यांच्या चर्चचे अवशेष त्याची साक्ष देतात. २०१३ साली त्यांचेच नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथे जाऊन गव्हाणीचे महत्त्व सांगणाऱ्या पत्रावर स्वाक्षरी केली.

आज गव्हाणीच्या देखाव्यांच्या स्पर्धा होतात, त्यांवर रोषणाई होते, बक्षिसे दिली जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र ग्रेच्चोच्या त्या गव्हाणीत गवताखेरीज काहीच नव्हते. तेही नंतर गावकऱ्यांनी जपून ठेवले आणि आजारी गुरांना खाऊ घातले, असे चेलानो यांनी नमूद केले आहे.