महाराणी ताराबाई : कर्तृत्व आणि हक्क

खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडला कीं वाईचा मुलूख लागतो. त्याच मुलुखांत १६८७ सालीं सरसेनापति हंबीरराव मोहिते धारातीर्थीं पडले. तळबीडच्या या मोहित्यांची कन्या म्हणजे महाराणी ताराबाई. त्यांची आत्या सोयराबाई ही शिवछत्रपतींची राणी, व तिचे पुत्र राजाराम महाराज हेच ताराबाईंचे पति.

१७०० सालीं महाराज सिंहगडावर वारले. ताराबाईंनीं अल्पवयी पुत्र शिवाजी यास गादीवर बसविलें व सात वर्षें औरंगजेबाशीं झुंज चालविली. कर्तृत्व मातेचें, नांव मात्र बालकाचें! १७०७ त बादशहा मेला, शाहू महाराज सुटून आले आणि सातारा त्यांजकडे गेला. १७१४ त सवत राजसबाईच्या पक्षानें ताराबाईंस पुत्रासह कैदेंत टाकलें. पुढें १७५० त, आपला नातू म्हणून गादीवर आणविलेल्या रामराजांस त्यांनींच साताऱ्याच्या किल्ल्यांत कोंडलें. या कृत्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु सत्ता ज्यास केवळ दुसऱ्याच्या नांवानेंच भोगतां येते, त्यास ते नांव मुठींत ठेवण्याचा मोह सुटत नाहीं, हें विसरतां कामा नये. १७६१ सालीं साताऱ्यास त्यांचा अंत झाला.

२००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत कन्येस पुत्राइतकाच हक्क दिला आहे. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची घाई घरोघर दिसते. ताराबाईंचा जयजयकार करणाऱ्या आमच्या व्यापारी व सुशिक्षित बंधूंनीं आधीं आपल्या घरचा तो कागद फाडावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.