नगर वसविणारा मलिक अंबर

आपल्या बीड शहराजवळची खजाना विहीर आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. तिचें पाणी मोटेवांचून, जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतांपर्यंत पोहोंचतें. ती विहीर सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहींत बांधली गेली. त्याच निजामशाहींत पुढें असा एक पुरुष होऊन गेला, कीं ज्यानें पाणी खेळवून सारें नगरच वसविलें. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

मलिक अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेंतील हबसाण देशांत झाला. त्याचें मूळचें नांव चापू. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत बगदादला आला. तेथें त्याच्या धन्यानें त्याची बुद्धि ओळखून त्याला शिक्षण दिलें आणि अंबर हें नांव ठेविलें. पुढें तो दक्षिणेंत आला. तेव्हां निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीझखान स्वतःही हबशी होता. त्याच्या पदरीं राहून अंबरानें राज्यकारभार जवळून पाहिला. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला. परंतु मुक्त झाला तेव्हां त्याच्यापाशीं ना घर होतें, ना गांव, ना गोत.

इ. स. १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य बुडालें असेंच सर्वांस वाटलें. अशा वेळीं अंबरानें परांडा येथें निजामशाही घराण्यांतील एका पुरुषास गादीवर बसविलें, हबशी व मराठे यांची फौज उभारली आणि गनिमी काव्यानें मोगलांस सळो कीं पळो करून सोडिलें. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजी आणि वडील शहाजी या दोघांचाही या राज्याशीं संबंध होता. जमिनीची मोजणी करून शेतसारा ठरविण्याची अंबराची पद्धतिही पुढें बराच काळ नांवाजली गेली.

इ. स. १६१० मध्यें त्यानें खाम नदीकांठच्या खडकी या लहान गांवीं राजधानी वसविण्यास आरंभ केला. जवळच देवगिरीचा अजिंक्य किल्ला होता. परंतु किल्ल्यांत फौज राहते, नगर राहूं शकत नाहीं. नगराला मोकळी जागा पाहिजे, आणि सर्वांआधीं पाणी पाहिजे. म्हणून उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचें झिरपणारें पाणी जमिनीखालच्या पक्क्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर, वस्तींत आणण्यांत आलें. मधूनमधून हवेसाठीं व सफाईसाठीं झरोके ठेविले, आणि पाण्याचा जोर आंवरण्यासाठीं उंच मनोरे बांधले. हीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी होय.

पाण्याच्या आधारानें वस्ती वाढली. निरनिराळे पुरे वसले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हीं नांवें मराठे सरदारांवरून पडलीं असें सांगतात. इ. स. १६१२ मध्यें भडकल दरवाजा उभा राहिला. काळी मशीदही अंबरानेंच बांधिली. त्या काळीं बहुतेक लोक पायींच चालत. म्हणून कारागिराचें घर, त्याचें दुकान, बाजार, प्रार्थनेची जागा आणि पाण्याचा हौद हीं सारीं चार पावलांवर असणें हीच नगराची खरी सोय होती. आज मोठमोठे नगररचनाकार नव्या वस्त्यांसाठीं हेंच मागत आहेत.

परंतु या नगराचें भाग्य सोपें नव्हतें. इ. स. १६१६ मध्यें रोशनगांवच्या लढाईंत अंबराचा पराभव झाला आणि मोगलांनीं खडकी जाळून लुटली. त्यानें ती पुन्हां उभी केली. इ. स. १६२१ मध्यें ती पुन्हां उद्ध्वस्त झाली. तेव्हां तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता. तरी त्यानें हातपाय गाळले नाहींत. इ. स. १६२४ मध्यें भातवडीच्या लढाईंत त्यानें मोगल व विजापूरकर यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. इ. स. १६२६ मध्यें तो वारला. त्याची कबर खुलताबाद येथें आहे.

त्याच्यामागें दहा वर्षांतच निजामशाही संपली. नगराचें नांवही पालटलें. मुलगा फतेखान यानें त्यास फतेहनगर म्हटलें, औरंगजेबानें १६५३ नंतर औरंगाबाद केलें, आणि आज तें छत्रपती संभाजीनगर आहे. नांवें गेलीं, राज्यें गेलीं. पण नहरेचें पाणी शतकानुशतकें त्या शहराची तहान भागवीत राहिलें.

आम्हांस या चरित्रांतील एक गोष्ट विशेष वाटते. ज्याला लहानपणीं स्वतःचें घर उरलें नाहीं, त्यानें हजारोंना घरें करून दिलीं. आणि जळालेलें नगर पाहून रडत न बसतां पुन्हां पाया खणला. आज आपल्या जिल्ह्यांतील गांवेंही रस्त्यांच्या कडेनें लांबच लांब पसरत आहेत. नवी वस्ती करतांना जागेची किंमत आपण प्रथम विचारतों. त्याआधीं, येथें पाणी कोठून येईल, आणि म्हातारी आजी व लहान मूल बाजाराला व शाळेला पायीं जाऊं शकतील काय, हें पालकांनीं विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं मोठेपणीं हा प्रश्न विसरूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.