ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

इ. स. १६१६ च्या एप्रिलांत इंग्लंडांत शेक्सपियर व स्पेनांत सर्व्हांतेस कालवश झाले. त्याच वर्षीं गोव्यांतील रायतूर येथें एका इंग्रज येशूसंघीयाचें ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण छापून निघालें. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. जन्म विल्टशायर परगण्यांत, सुमारें १५४९ सालीं. रोम येथें १५७५ त संघप्रवेश. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षें, बहुतेक साष्टींतच, लोकांची भाषा शिकण्यांत व तींतून शिकविण्यांत गेलीं. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं भिली वा अहिराणी बोलतात व ज्यांस मराठी शाळेंत शिकावी लागली, त्यांस ह्या श्रमांची कल्पना सहज येईल.

पोर्तुगीज अमलांत नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें हिरावलीं गेलीं होतीं. त्यांच्या जागीं गावयास कांहीं हवें, हें फादरांनीं ओळखलें. ओव्या सुमारें ११,००० झाल्या. ग्रंथ मराठी, पण छापला रोमन लिपींत.

१६१९ सालीं ते देवाघरीं गेले. १६८४ सालीं त्याच सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. १६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें. साल्ढाणांनीं १९०७ त मंगळुरास तो पुन्हा छापला, तोहि त्यांवरूनच.